उभी बाग: हातभर जागेत पालेभाज्या आणि वेल

उभी बाग जमिनीवरची जागा वाचवते, बाकी काही नाही. मिरचीच्या झाडाला कुंडीत आठ-दहा लिटर माती लागते, तेवढीच भिंतीवरही लागते. ऊन तेवढंच लागतं, आणि पाणी तर जास्तच लागतं, कारण उंचावर टांगलेल्या छोट्या कुंडीला वारा चहूबाजूंनी सुकवतो. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण आधी स्टँड किंवा कप्पे आणतात, मग त्यात काय लावता येईल ते शोधतात. क्रम उलटा हवा: आधी ऊन, मग वजन, मग मांडणी आणि शेवटी रोपं.

ऊन मोजा

ज्या भिंतीवर किंवा कठड्यापाशी बाग करायची आहे तिथे तीन उंचीवर कागदाचे तुकडे चिकटवा: घोट्याजवळ, कमरेजवळ आणि डोक्याच्या उंचीवर. निरभ्र दिवशी सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला बघा आणि कोणत्या तुकड्यावर थेट ऊन आहे ते लिहून ठेवा. कठडा भरीव असेल तर घोट्याजवळच्या तुकड्याला वरच्यापेक्षा दोन-तीन तास कमी ऊन मिळतं. वर छताचा स्लॅब पुढे आलेला असेल तर उलटं घडतं, सूर्य माथ्यावर असताना वरचा कागद सावलीत जातो. म्हणून ‘बाल्कनीत ऊन येतं’ एवढ्याने काही ठरत नाही, कोणत्या कप्प्यावर किती तास येतं त्यावर ठरतं.

थेट ऊन ६ तासांहून जास्त असेल तर टोमॅटो, मिरची, काकडी, घेवडा यांचा विचार करा. ४ ते ५ तासांत पालक, मेथी, लेट्यूस, कोथिंबीर, कांद्याची पात, बेसिल चांगली येतात. ३ तासांवर पुदिना, पार्सली आणि सेलरी तग धरतात, पण सावकाश वाढतात. त्याहूनही कमी असेल तर भाजीचा नाद सोडा किंवा एलईडी दिवे लावा. पालेभाज्यांना दिवा पानांपासून साधारण २० ते ३० सेंमी वर आणि दिवसाला १२ ते १४ तास चालू लागतो.

सूर्याची वाट ऋतूप्रमाणे बदलते, तेव्हा तीन महिन्यांनी हीच नोंद पुन्हा घ्या. आज भरपूर ऊन असलेली भिंत तेव्हा पूर्ण सावलीत गेलेली असू शकते.

वजनाचा हिशोब

भिजलेलं कुंडीमिश्रण लिटरला साधारण १ किलो धरा. बागेची माती घातली तर ते दीड किलोच्या पुढे जातं. ३ लिटरचे २० कप्पे म्हणजे ओल्या अवस्थेत ६० किलो, म्हणजे एक माणूस कायमचा भिंतीला लटकलेला.

भिंतीला टांगायचं असेल तर प्लगचं (स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचं) भोक विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला हवं, नुसत्या गिलाव्यात नाही. गिलावाच दीड-दोन सेंमी जाड असतो, त्यामुळे ५ सेंमी लांबीचा स्क्रू विटेत जेमतेम तीन सेंमी उतरतो. ८ मिमीचा प्लग आणि किमान ६ ते ७ सेंमी लांबीचा गंज न लागणारा स्क्रू घ्या. विटांच्या सांध्यात भोक पाडू नका. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या आसपासही नको, आत वायर किंवा पाइप असतो. भिंत पोकळ ठोकळ्यांची असेल तर साधा प्लग धरत नाही. अशा वेळी जमिनीवर उभा राहणारा स्टँड हाच शहाणपणा.

भिंत आणि बाग यांच्यात ५ ते ८ सेंमी फट सोडा. ती नसेल तर दोन-तीन महिन्यांत भिंतीला ओल धरते, रंगाचे पापुद्रे निघतात आणि झाडांच्या मागे हवा खेळत नाही. कठड्याला अडकवायच्या कुंड्या आतल्या बाजूला अडकवा. बाहेर टांगलेली कुंडी सुटली तर खाली कोण उभं आहे हे कुंडी बघत नाही.

कोणती मांडणी घ्यायची

दोन फूट रुंदीची जागा मोकळी असेल तर पायऱ्यांचा स्टँड घ्या आणि त्यावर साध्या कुंड्या ठेवा. यात चुका माफ होतात. एखादी कुंडी बिघडली तर तेवढीच उचलता येते, आणि पायऱ्या मागे सरकत जात असल्यामुळे वरचं झाड खालच्याचं ऊन अडवत नाही. दोन पायऱ्यांत पालेभाज्यांसाठी ३० सेंमी आणि मिरचीसाठी निदान ५० सेंमी अंतर ठेवा.

कापडी कप्प्यांची भिंत दिसायला सर्वांत देखणी आणि सांभाळायला सर्वांत अवघड. फेल्टच्या कप्प्यातून पाणी सगळ्या बाजूंनी उडून जातं आणि कडक उन्हात दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागतं. बाहेरगावी जाणाऱ्या माणसाने हा प्रकार ठिबकशिवाय करू नये.

दोन लिटरच्या बाटल्या आडव्या कापून टांगलेली बाग फोटोत छान दिसते. प्रत्यक्षात एका बाटलीत जेमतेम लिटरभर मिश्रण बसतं, पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन आत जाऊन मुळांभोवती शेवाळ धरतं आणि दुपारी मुळं तापतात. करायचीच असेल तर बाटल्या बाहेरून रंगवा आणि त्यात मेथी किंवा कांद्याची पातच लावा.

जागा फक्त एक कोपरा, दीड फूट बाय दीड फूट, असेल तर पाइपचा टॉवर. त्याचं काम थोडं किचकट आहे, म्हणून तो सविस्तर.

पाइपचा टॉवर: १८ रोपं, एक बादली जागा

लागणारं सामान: १६० मिमी व्यासाचा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप १.५ मीटर, २५ मिमीचा पाइप १.५ मीटर आणि त्याला खालून लावायचं एक टोपण, ३० सेंमी खोल बादली, १५ लिटर खडी, शेडनेटचा (सावलीसाठी बांधतात त्या प्लास्टिकच्या जाळीचा) तुकडा, हॅकसॉ, हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र), ड्रिल आणि एक रिकामी काचेची बाटली. पाइप नवा घ्या, शक्यतो पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला. भंगारातला जुना पाइप खाण्याच्या भाजीसाठी नको, पूर्वी पीव्हीसीत शिशाची संयुगं घालत असत. ११० मिमीचा पाइप स्वस्त आणि हलका असतो, पण त्याच लांबीत फक्त १२-१३ लिटर मिश्रण मावतं. १६० मिमीत साधारण २६ लिटर मावतं, म्हणजे प्रत्येक रोपाच्या वाट्याला जवळजवळ दीड लिटर. पालेभाजीला त्याहून कमी देऊ नये.

१. पाइपचा घेर सुमारे ५० सेंमी असतो. घेरावर दर १२.५ सेंमीला खूण करून चार उभ्या रेघा मारा. पहिल्या आणि तिसऱ्या रेघेवर खालच्या टोकापासून ३५, ६०, ८५, ११० आणि १३५ सेंमीवर खुणा करा. दुसऱ्या आणि चौथ्या रेघेवर ४७.५, ७२.५, ९७.५ आणि १२२.५ सेंमीवर. अशा १८ खाचा एकाआड एक येतात, पाइप कमकुवत होत नाही आणि एका रोपाच्या बरोबर खाली लगेच दुसरं येत नाही. टॉवर भिंतीला लागून राहणार असेल तर मागची चौथी रेघ सोडून द्या. ऊन न मिळणाऱ्या चार रोपांपेक्षा चांगली चौदा बरी.

२. प्रत्येक खुणेवर हॅकसॉ आडवा धरून सरळ आत कापा. पाइप गोल असल्यामुळे करवत १.४ सेंमी आत गेली की खाच आपोआप ९ सेंमी रुंद होते. तिथे थांबा.

३. आता खाचेचा कप्पा करायचा. खाचेच्या वरचा आणि खालचा पाच-सहा सेंमीचा भाग हीट गनने दीड-दोन मिनिटं सगळीकडे सारखा फिरवत तापवा. प्लास्टिक बोटभर लाकडाने दाबल्यावर रबरासारखं वाकलं की बाटलीचा निमुळता गळा वरून तिरका खाचेत घुसवा. खालची कड बाहेर येते, वरची आत जाते आणि वर तोंड केलेला ओठ तयार होतो. बाटली तशीच धरून ओल्या फडक्याने अर्धा मिनिट थंड करा. हे काम उघड्यावरच करा. पाइप तपकिरी पडायला लागला किंवा धूर आला तर तापमान जास्त झालं, पीव्हीसी जळताना निघणारी वाफ छातीला लागते. हीट गन लांब धरा आणि हातात जाड मोजे घाला.

४. २५ मिमीचा पाइप हा पाणी देण्याचा. खालचं टोक टोपणाने बंद करा. ३ मिमीची भोकं पाडा: वरच्या ५० सेंमीत दर ५ सेंमीला, मधल्या ५० सेंमीत दर १० सेंमीला आणि खालच्या ५० सेंमीत एकही नाही. सारखी भोकं पाडली तर पाणी दाबामुळे खालूनच निघून जातं आणि वरची रोपं तहानलेली राहतात. भोकांवर शेडनेट गुंडाळून दोऱ्याने बांधा, नाहीतर मिश्रणातलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आत शिरून महिनाभरात ती बुजतात.

५. बादलीच्या बाजूला, तळापासून ३ सेंमीवर, ८ मिमीची चार-पाच भोकं पाडा. तळात ५ सेंमी खडी घाला. मोठ्या पाइपचं खालचं तोंड शेडनेटने बांधून तो मधोमध उभा करा आणि भोवती उरलेली खडी भरा. लेव्हल पाहून भरा. आत्ता दोन बोटं कललेला टॉवर भरल्यावर तसाच कललेला राहतो. सगळं भिजल्यावर याचं वजन ५५ किलोच्या आसपास जातं, त्यामुळे तो जागेवरच उभारा. चारही बाजूंना रोपं असतील तर बादली चाकांच्या मजबूत स्टँडवर ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवा.

६. बारीक पाइप मधोमध धरून मिश्रण भरायला लागा. २० सेंमी भरलं की बाहेरून पाइपवर थापट्या मारा, थोडं पाणी घाला, मग पुढचे २० सेंमी. हाताने दाबून भरू नका, दाबलेल्या मिश्रणात हवा राहत नाही. वरून ३ सेंमी मोकळं ठेवा. दोन-तीन दिवसांत ते खाली बसतं. पुन्हा भर घाला आणि मगच रोपं लावा.

मिश्रण

टॉवरमध्ये २६ लिटर बसतं, पण ते दबत असल्यामुळे ३२ लिटर तयार ठेवा: १६ लिटर भिजवलेलं कोकोपीट, १२ लिटर गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट आणि ४ लिटर परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे). निंबोळी पेंड मिळत असेल तर २०० ग्रॅम मिसळा. परलाइट नसेल तर जाड वाळू चालते, फक्त वजन वाढतं. ६५० ग्रॅमच्या दोन विटा भिजवल्या की साधारण १६ लिटर कोकोपीट होतं.

कोकोपीट धुवून घ्या, ही पायरी लोक हमखास टाळतात. नारळाच्या सालीत क्षार असतात. वीट भिजवा, फुगली की पिळून चहासारखं लालसर पाणी फेकून द्या आणि हे निदान दोनदा करा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपं उगवतात, आठवडाभर बरी दिसतात आणि मग पानांच्या कडा करपायला लागतात.

नुसती बागेतली माती उभ्या बागेत घालू नये. अरुंद कप्प्यात ती दोन-चार पाण्यांत विटेसारखी घट्ट होते आणि वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. मिश्रण भरताना ओलावा तपासायची जुनी रीत पुरेशी आहे: मूठभर घेऊन दाबा. गोळा व्हावा आणि बोटांतून एक-दोन थेंबच यावेत.

उथळ कुंड्या वापरत असाल तर तळात खडे घालू नका. निचरा सुधारेल म्हणून सगळेच घालतात, पण बारीक मिश्रणातलं पाणी जाड थरात सहज उतरत नाही. ते मिश्रणाच्या तळाशीच अडतं, आणि खड्यांनी तो तळ वर उचललेला असतो. १५ सेंमीच्या कुंडीत ३ सेंमी खडे घातले म्हणजे मुळांची चांगली जागा तेवढी गेली. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. टॉवरच्या बादलीतली खडी वेगळी, ती आधारासाठी आहे आणि तिच्या जवळपास काही लावलेलं नाही.

काय, कुठे आणि कसं लावायचं

वरचा भाग लवकर सुकतो, खालचा उशिरापर्यंत ओला राहतो. म्हणून रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो यांसारख्या कोरडं सोसणाऱ्या वनस्पती वर, बेसिल, लेट्यूस आणि पालक मध्ये, पार्सली आणि सेलरी खाली. पुदिना टॉवरमध्ये लावूच नका. त्याच्या जमिनीखालच्या फांद्या दोन महिन्यांत अर्धा पाइप व्यापतात. त्याला १५ सेंमी खोल, पसरट कुंडी वेगळी द्या. बाजारातल्या जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवली तर आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात, बी आणायची गरज नाही.

खाचेत बी टाकलं तर पहिल्याच पाण्याने आत घसरतं. रोपं छोट्या कपांत वाढवा आणि चार-पाच खरी पानं आली की संध्याकाळी लावा. रोप खाचेत घालताना मुळं आत आणि किंचित खाली, देठ बाहेर आणि वर, असं तिरकं ठेवा. लेट्यूसचं बी मातीवर नुसतं दाबायचं, झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. मातीचं तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की लेट्यूस आणि पालक दोघंही उगवायला कुरकुर करतात. उन्हाळ्यात हे कप घरातल्या थंड जागी ठेवा आणि कोंब दिसताच उजेडात आणा.

कोथिंबीर न उगवण्याची तक्रार सर्वांत जास्त, आणि कारणं बहुधा तीनच. पहिलं, धने अख्खे पेरले. एका धन्यात दोन बिया असतात. लाटणं हलकं फिरवून धना दोन डाळिंब्यांत फुटेल एवढंच रगडा, पीठ नको. दुसरं, सुकलेल्या मातीत पेरले. फुटलेले धने रात्रभर भिजवा, १ सेंमी खोल पेरा आणि वर ओलं गोणपाट टाका. पहिला कोंब दिसला की गोणपाट लगेच काढा. तिसरं, धीर सुटला. कोथिंबिरीला उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, थंडीत त्याहूनही जास्त, आणि तोवर लोक माती उकरून बघतात. तिचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही, म्हणून ती १५ सेंमी खोल पन्हळीत जागच्या जागी पेरलेली बरी. टॉवरमध्ये हवीच असेल तर कागदी कपात पेरा आणि तळ फाडून कपासकट खाचेत बसवा. दिवसा ३० अंशांच्या वर पारा राहिला की ती लवकर फुलोऱ्यावर येते. तेव्हा पानं शेपूसारखी बारीक होतात. ती फुलं खुडून झाड मागे फिरत नाही, दुसरी पेरणी करावी लागते. दर १५ दिवसांनी थोडी थोडी पेरत गेलं तर हातात कायम काहीतरी राहतं.

मेथी ३ ते ५ दिवसांत उगवते आणि २५-३० दिवसांत काढायला येते. पहिल्याच प्रयत्नात यश हवं असेल तर मेथी पेरा.

काढणी करताना पालक आणि लेट्यूसची बाहेरची पानं आधी घ्या, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. बेसिल १५ सेंमी उंच झाली की पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडा. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन फांद्या फुटतात. शेंडा न खुडलेली बेसिल काठीसारखी वर जाते आणि फुलते. कांद्याची पात कापताना खाली ३ सेंमी ठेवा, ती पुन्हा येते.

पाणी

बोट २ ते ३ सेंमी खुपसून बघा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. ही तपासणी वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन खाचांत करा, एकाच जागी नाही. झाडांनी भरलेल्या टॉवरला कडक उन्हात दिवसाला २ ते ३ लिटर, थंड दिवसांत लिटरभर पुरतं. अर्धं मधल्या पाइपमधून, अर्धं वरच्या तोंडावर झारीने, दोन्ही सावकाश. भसकन ओतलेलं पाणी खाचांतून मिश्रणासकट बाहेर येतं.

कुंड्यांच्या ओळींना बादली उंचावर टांगून ठिबक करता येतं, फक्त एक गणित लक्षात ठेवा. बादलीतलं पाणी वरच्या ओळीपेक्षा ५० सेंमी उंच असेल आणि खालची ओळ वरच्या ओळीपासून दीड मीटर खाली असेल, तर खालच्या ड्रिपरवर दाब चौपट पडतो आणि साध्या ड्रिपरमधून पाणी जवळजवळ दुप्पट येतं. वरची झाडं वाळतात, खालची कुजतात आणि दोष रोपांवर जातो. फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर घ्या. प्रत्येक ओळीखाली एक वाटी ठेवून दहा मिनिटांत किती पाणी जमतं ते मोजा आणि सगळीकडे सारखं येईपर्यंत खालचे आवळत जा.

मिश्रण एकदा पूर्ण सुकलं तर कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि मग पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. वरून भिजल्यासारखं दिसतं, आत कोरडं असतं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा, बुडबुडे थांबले की काढा. टॉवर टबात बसवता येत नाही. त्याला दर पंधरा मिनिटांनी पेलाभर असं चार-पाच वेळा पाणी द्या.

खत

थोड्या मिश्रणातून अन्न पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून थोडं आणि वारंवार द्या. लावणीनंतर तीन आठवडे काही नको. मग दर १५ दिवसांनी प्रत्येक कप्प्यात दोन चमचे गांडूळखत, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, तेही ओल्या मिश्रणावरच. फळभाज्यांना फुलं लागल्यावर नत्र जास्त झालं तर पानांचा डेरा होतो आणि फळ धरत नाही.

वेल

उभ्या बागेचा खरा फायदा वेलांत आहे. मूळ जमिनीवरच्या मोठ्या कुंडीत, झाड भिंतीवर. घेवड्याला एका वेलास ५-६ लिटर, चेरी टोमॅटोला १२ ते १५ लिटर आणि काकडीला १५ लिटर मिश्रण द्या. जाळीचे चौकोन १० ते १५ सेंमीचे घ्या, म्हणजे फळ काढताना हात आरपार जातो. बारीक जाळीत काकडी अडकते आणि वाकडी वाढते. जाळी बी पेरतानाच लावा. वेल वाढल्यावर मागून जाळी खुपसताना मुळं दुखावतात.

प्रत्येक वेलाची चढायची तऱ्हा वेगळी. काकडीला तणावे असतात, तिला फक्त दिशा दाखवा. टोमॅटोला पकडच नसते. मऊ सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एक वेढा आधाराला आणि एक सैल वेढा खोडाला, अशी बांधा आणि खोड व पानाच्या बेचक्यात येणारे फुटवे ५ सेंमीचे व्हायच्या आत बोटाने मोडा. घेवडा स्वतःच पीळ घालत चढतो, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. त्याला मदत म्हणून उलटा पीळ घातला तर रात्रीतून तो सुटून खाली येतो.

उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात. काकडीच्या मादी फुलामागे बोटभर लहान काकडी आधीच दिसते, नर फुलाचा देठ साधा असतो. सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर फिरवा. नाहीतर परागीभवनाशिवाय धरणारी जात लावा. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, पण त्याला हलवावं लागतं. दुपारच्या आत फुलांच्या झुबक्यावर बोटाने टिचकी मारा. फुलं येऊन गळत असतील आणि दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर असेल तर खत वाढवून उपयोग नाही, उष्णतेने पराग निकामी होतो. दुपारी शेडनेट ओढा.

बिघडलं तर

दुपारी पानं मलूल पडली म्हणून लगेच पाणी घालू नका. आधी बोट खुपसा. माती ओली असेल आणि संध्याकाळी पानं ताठ झाली, तर तो उन्हाचा ताण आहे. माती ओली असून सकाळीही पानं मलूल असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर मुळं कुजत आहेत. पाणी थांबवा, निचऱ्याची भोकं बघा.

जुनी, खालची पानं पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही, आणि त्यामागे बहुधा सतत ओली माती किंवा जड, क्षारयुक्त पाणी असतं. कडा करपल्या आणि मातीवर पांढरी साय आली तर क्षार साठले आहेत. ती साय खरवडून काढा आणि मिश्रणाच्या आकारमानाच्या दीड-दोनपट साधं पाणी सावकाश आरपार जाऊ द्या. पाणी वरून खाली झिरपत असल्यामुळे क्षार सर्वांत खालच्या ओळीत आधी दिसतात. टोमॅटोच्या टोकाला काळा, चपटा डाग पडतो तो रोग नसतो. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही.

मावा आणि पांढरी माशी कोवळ्या शेंड्यांच्या खालच्या बाजूला बसतात. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. दोन दिवसांनी परत दिसली तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि १-२ मिली सौम्य द्रव साबण, तेही संध्याकाळी. उन्हात मारलं तर पानं भाजतात. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. लाल कोळी नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच. तो कोरड्या, तापलेल्या भिंतीजवळ येतो. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी. ती पानं तोडून टाका, फवारणीत वेळ घालवू नका.

पीक संपल्यावर

तीन-चार महिन्यांनी मधला पाइप उपसा, भोकं तारेने साफ करा, टॉवर प्लास्टिकच्या कागदावर आडवा करून मिश्रण ओता आणि मुळं निवडा. मुळं तपकिरी, बुळबुळीत असतील तर ते मिश्रण भाजीसाठी परत वापरू नका. चांगली असतील तर मिश्रण दोन दिवस उन्हात पसरा, एक तृतीयांश ताजं गांडूळखत मिसळा आणि भरा. मुळांवर गाठी दिसल्या तर आधी झाड कोणतं होतं ते आठवा. घेवडा किंवा मेथीच्या मुळांवरचे मणी नखाने सहज सुटत असतील आणि फोडल्यावर आतून गुलाबी निघत असतील तर ते नत्र धरणाऱ्या जिवाणूंचे आहेत. ती मुळं बारीक करून मिश्रणातच राहू द्या. टोमॅटो किंवा काकडीच्या मुळाचाच भाग फुगून गाठ झाली असेल आणि ती सुटत नसेल, तर ती सूत्रकृमीची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांची). ते मिश्रण टाकून द्या आणि पाइप साबणाने धुऊन उन्हात वाळवा.